मी दाराकडे का धावलो

मशीन बघून ह्यो दाराकडं पळाला गड्या, मेंढरामागंच बरा हुता, गुरुजीनं दया केली म्हणून पास झाला. आमच्या वडूजच्या पारावर पन्नास वर्षं हेच सांगितलं जातं, आणि सांगणारा माझा सख्खा चुलतभाऊ नामदेव. आता माझं ऐका.

आमच्या सात पिढ्या मेंढरांमागे गेल्या. सरकारी ट्रेनिंग सेंटरात मी आणि नामदेव एकत्रच दाखल झालो. वडिलांनी बजावलं होतं, एवढं एक साल देतो, नापास झालास तर काठी घे आणि कळपामागे चल. त्या काठीची मला धास्ती होती, आणि लोखंड कातायच्या लेथ मशीनची त्याहून अधिक. काय सांगू तुम्हाला, सगळ्या लेथ छताखालच्या एकाच दांड्यावरून पट्ट्यांनी फिरत, तो दांडा सुरू झाला की पायाखालची फरशी थरथरे आणि मी दोन पावलं मागे सरके. भ्यालो होतो, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

आमच्यात घर सोडणाऱ्याच्या मनगटाला आई काळ्या लोकरीचा दोरा वळून बांधते, तो आपण होऊन तोडायचा नसतो. गुरुजी रोज ओरडत, दोरे काढा, मशीन हात ओढून घेईल. आम्ही दोघे ते बाहीखाली लपवत असू. परीक्षेच्या दिवशी सकाळी मात्र माझा धीर सुटला. लोकर कातरायच्या कातरीने मी आईचा दोरा कापला, आणि घाईत कातडीही कापली गेली. नामदेव हसला. म्हणाला, आईचा दोरा तोडलास व्हय रं, भित्र्या?

कुपवाडच्या कारखान्याचे मालक माणसं निवडायला समोर उभे होते. परीक्षेला दिलेली माझी लोखंडी कांब निम्मी कातून झाली होती. इतक्यात शेजारून नामदेवचा आवाज आला, दादा. एवढंच. त्याचा दोरा फिरत्या कांबेला गुंडाळत चालला होता आणि मनगट मागोमाग जात होतं. दांडा बंद करण्याचा खटका एकच, आणि तो दाराशेजारी. मी हातातलं काम टाकून धावलो. माझी कांब वाया गेली ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला नवी कांब दिली, तिला हे लोक दया म्हणतात. ती मी मापात उतरवली, आणि कुपवाडात तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. पट्ट्याचा आवाज आजही झोपेत ऐकू येतो, तेव्हा मी आपलं मनगट चाचपतो.

नामदेवला उदंड आयुष्य लाभो, माझी तक्रार नाही. फक्त तो पारावर हात नाचवून माझं पळणं सांगू लागला, की त्याचा उजवा हात बघा. मनगटाभोवती दोऱ्याचा पांढरा वण आहे, आणि त्यापुढे पाचही बोटं शाबूत आहेत.