काकडीचं पाणी

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बसचालक आणि त्याची बायको बसले होते.

“आज बीपी जास्त निघालं तर हातातलं स्टेअरिंग गेलं म्हणून समजा.”

“अगं, महिनाभर डेपोत रोज काकडीचं सॅलड खातोय. काकडी थंड असते, बीपी खाली आणते.”

“आणि मीठ? डॉक्टरांनी बंद केलंय ना?”

“जेवणात बंदच आहे. काकडीला लावावंच लागतं. मूठभर मीठ चोळायचं, पाणी सुटलं की लिंबू पिळायचं.”

“मग ते खारट पाणी ओतून देता ना?”

“ओतून? सगळं सत्त्व त्यातच असतं. पितो मी ते.”

“आज?”

“आज तपासणी, म्हणून दोन पेले.”

“धन्य आहे. चला, नंबर आला तुमचा. आणि बाहेर आलात की डेपोच्या साहेबांना विचारा, तिकीट खिडकीवर जागा आहे का.”