गट एकतीसमधला केक

— नाही, आधी ऐकून घ्या, लॅटिमरसाहेब, बक्षिसाचा वाडगा कुठे पळून जात नाही. वर्षभर मी गावात थापा मारते, त्या सगळ्यांना पटतात, आणि जन्मात एकदा प्रदर्शनाच्या भर तंबूत माईक हातात घेऊन खरं बोलले तर एकाचाही विश्वास बसला नाही. एकाचाही. वर टाळ्या वाजवल्या. पाद्रीबुवा म्हणाले, नवऱ्याला असा मोठेपणा देणारी बायको घरोघरी असावी — त्यांच्या घरी नाही, म्हणून असेल. तुम्ही होतात की तिथे, पुढच्याच रांगेत, मांडीवर बटाटे घेऊन. तुम्हीही हसलात. हसलात हो, मी पाहिलं.

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय सेपने अजून दुरुस्त केला नाही. सुतार नवरा केला की घरात एक खुर्ची धड मिळत नाही. चहा घ्या. आणि ती चिटणिसांची नोंदवही बाहेर काढा, कारण वाडग्यावर माझं नाव कोरून आणायचं म्हणून आला असाल तर वाडगा मिळणार नाही. बारावं नाव. अकरा वर्षं माझंच आहे त्यावर, बघा हवं तर, आत डोकावून बघायला लागेल इतकी दाटी झालीय. पण बारावं कोरायचं नाही. तो केक माझा नव्हता. सेपचा होता. तंबूत सांगितलं तेच सांगतेय, फक्त आता पायरी पायरीने सांगते, म्हणजे तुमच्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसालाही कळेल.

हे सगळं तुमच्या त्या गट चाळीसने केलं. 'फळांचा केक, फक्त पुरुषांसाठी.' कोणाच्या डोक्यातून निघालं हे? पाद्रीबुवांच्या? तरीच. मार्चमध्ये सेपची कंबर धरली, डॉक्टर म्हणाला जड उचलायचं नाही, आणि तो माणूस सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात पायात पायात यायला लागला. मी म्हटलं, काहीतरी कर पण तोंडापुढून हल. तर त्याने तुमचं प्रदर्शनाचं पुस्तक उघडलं आणि म्हणाला, हिल, मी केक करतो. मी इतकी हसले की मला बसायला लागलं. हातोडीने फोडणार का अंडी, म्हटलं. तो उठून मनुके आणायला गेला. त्याचं ते असंच — तुम्ही भांडायला जा, तो पेन्सिल कानाला लावून निघून जातो.

पहिला केक डुकरांनी खाल्ला. दुसरा डुकरांनी नाही खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी मी घरात शिरते तर हा ओव्हनमध्ये डोकं घालून, हातात ते त्याचं पाण्याच्या बुडबुड्याचं लेव्हल. म्हणे, ओव्हन डावीकडे कलतोय. सव्वीस वर्षं त्या ओव्हनवर मी केक करतेय, साहेब, सव्वीस वर्षं मी अर्ध्या वेळाने केक फिरवते, का फिरवते ते मलाही ठाऊक नव्हतं, आईने फिरवला म्हणून फिरवते — आणि या माणसाने तीन आठवड्यांत शोधून काढलं. ओकची एक पातळ पाचर तासली आणि पायाखाली ठोकली. कागद कापला तोही सुताराचा काटकोन मोजायचा गुण्या लावून, भांड्यात असा बसला की एक घडी नाही, एक चुणी नाही. माझ्या केकला बाजूंनी कायम चुण्या असतात, अकरा वर्षं कोणी त्यावर बोललं नाही, कारण बाकीच्यांचे त्याहून वाईट. चेरी धुवायची, कोरडी करायची, पिठात घोळवायची, नाहीतर तळाला बसते — तर हा एकेक चेरी रुमालाने पुसत बसला. चाळीस चेरी. दाताच्या डॉक्टरासारखा.

आणि मग, प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, तो केक निघाला.

काय सांगू तुम्हाला. सपाट. टेबलासारखा. मी एवढंच म्हटलं, बरा आहे, वरून जरा फिका वाटतोय. फिका नव्हता. त्याने मान डोलवली, म्हणाला, तुझ्यासारखा कुठून येणार. आणि तो केक कागदात असा गुंडाळला, असा — आमच्या मुलीला हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हासुद्धा याने इतकं नीट गुंडाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा केक. आता हे वहीत लिहिलंत तरी चालेल: मी ती पाचर लाथ मारून काढली. हो. माझ्या ओव्हनला कोणाचा टेकू लागत नाही, म्हटलं. आणि रागाच्या भरात केक फिरवायचा विसरले. एवढंच झालं. त्यात बाकी कोणाचा हात नाही, कोंबड्यांचा नाही, हवेचा नाही. बाहेर काढला तर एका बाजूने दोन बोटं उंच. सुरी लावून तासता येत नाही, वरचा भाग कापलेला परीक्षकाला लगेच दिसतो. दुसरा करायला वेळ नव्हता. आणि ऑड्री कॉप्सन गेल्या वर्षी दुसरी आली होती, अर्ध्या गुणाने. वर्षभर ती मला चर्चच्या दारात विचारते, हिल्डा, या वर्षी तुझी तब्येत कशी आहे गं? जणू मी मरायच्या बेताला आलेय आणि वाडगा तिने मृत्युपत्रात मागितलाय.

तर प्रदर्शनाच्या सकाळी सेपच्या कमरेमुळे दोन्ही डबे मीच आणले. तुम्ही दारावर होतात, तुम्हीच म्हणालात, दोन दोन केक, मिसेस ब्रॅड्नम? म्हटलं, एक नवऱ्याचा. तुम्ही डोळा मारलात. मारलात की. आत गर्दी होती, टेबलांवर देखरेख करणारा म्हातारा क्रॉली कांदे मोजत होता, कार्डं तर तुमच्या नियमाप्रमाणे नाव खाली करून ठेवायची. एकतीसच्या, म्हणजे वाडग्याच्या गटाच्या टेबलावर सेपचा ठेवला, त्याखाली माझं कार्ड. पार तिकडे चहाच्या पिंपाजवळ, चाळीसच्या टेबलावर, माझा ठेवला, त्याखाली त्याचं. किती वेळ लागला असेल? तुम्ही चहात साखर ढवळताय त्याहून कमी. मनात म्हटलं, त्या पुरुषांच्यात काय, सहा केक, त्यातला एक डॉक्टरचा, तो वरून जळलेला आणि आतून वाहणारा. माझा वाकडा केकसुद्धा तिथे पहिला येईल. सेपला पहिला नंबर, मला पहिला नंबर, वाईट कोणाचं झालं?

चौथा आला. चौथा, साहेब. परीक्षकबाईंनी कार्डावर लिहिलंय — हे बघा, मी ठेवलंय — 'चांगला प्रयत्न. किंचित कोरडा. भट्टीची सवय झाली की जमेल. उमेद सोडू नका.' सव्वीस वर्षं केक करतेय मी. उमेद सोडू नका.

हसा, हसा. मीसुद्धा हसले असते, पण तेवढ्यात दोन वाजले, तंबू उघडला, आणि सेप आला. चांगला कोट घालून आला होता. तो सरळ चाळीसकडे गेला, चष्मा लावला, कार्ड वाचलं. मग केककडे बघितलं. मग खाली वाकून बाजूने बघितलं, कंबर धरून. चुण्या दिसल्या त्याला. मग तो हळूहळू चालत एकतीसकडे आला, तिथे पहिल्या नंबरचं लाल कार्ड, त्यावर 'अप्रतिम, अगदी समतल, चेरी एकसारख्या', आणि केकमधून एक फोड कापलेली. तो तिथे उभा राहिला. मी कोबीच्या मागे होते. मला वाटलं, आता ओरडेल. मला वाटलं, ओरडला तर बरं. तर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, छान झालाय हिल तुझा.

म्हणून बक्षिसाच्या वेळी मी माईक घेतला. आणि तुम्हाला वाटतं पाद्रीबुवांमुळे कोणाचा विश्वास बसला नाही? सेपमुळे. मी म्हटलं, हा केक माझा नाही, माझ्या नवऱ्याचा आहे, आणि मागून सेप उठून उभा राहिला, सबंध तंबूला ऐकू जाईल असं म्हणाला — हिला ऊन लागलंय, कोणीतरी खुर्ची द्या. जन्मात चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. माझी अब्रू जाऊ नये म्हणून. मग कोण ऐकतंय माझं? ऑड्रीने मला पंख्याने वारा घातला. ऑड्रीने.

आणि आता तुम्हाला दाखवते, या इकडे, खिडकीपाशी. ती शेड दिसतेय? काल मी तिथे खुरपं आणायला गेले. सात इंची केकचं भांडं — स्वतःच्या पैशाने आणलं होतं त्याने, माझं वापरायचं नाही म्हणून — त्यात स्क्रू भरून ठेवलेत. मापाप्रमाणे वेगळे करून. मी म्हटलं, सेप, नाताळचा केक तू करशील का? म्हणाला, छे, तो माझा प्रांत नाही. चिडून म्हणाला असता तर मी दोन ऐकवल्या असत्या. चिडला नाही हो तो. पटलंय त्याला, ते चौथ्या नंबरचं कार्ड. त्याने केक बघितला, चुण्या बघितल्या, तरी तो कुठेतरी मनात म्हणतो की परीक्षकबाईंना जास्त कळतं.

काय म्हणता? क्रॉलीकडून कार्डांची अदलाबदल झाली असं लिहायचं? मोठे हुशार आहात. क्रॉलीला कांद्यापलीकडे दिसत नाही, खरं आहे, आणि तो नाही म्हणणार नाही, कारण त्याला प्रश्नच ऐकू येणार नाही. सोपं आहे. परवा तुम्ही आला असता तर मी हो म्हटलं असतं, वर त्याला जॅमची बाटली पाठवली असती. पण मग सेपचं काय? क्रॉलीची चूक म्हटलं की लोक म्हणणार, बघा, हिल्डाने म्हाताऱ्यालाही गुंडाळलं, नवऱ्यासाठी काय काय करते. पुन्हा टाळ्या.

नियम चार मला पाठ आहे, वाचू नका. दुसऱ्याने केलेली वस्तू आपल्या नावाने मांडली तर बाद, आणि पाच वर्षं प्रदर्शनात पाय ठेवायचा नाही. वाडगा दुसऱ्या नंबरला. सेपला नाही, त्याचं नाव एकतीसमध्ये नव्हतंच. ऑड्रीला. हो, मी काय बोलतेय ते मला कळतंय, तोंड मिटा तुमचं. न्या वाडगा. पुसून ठेवलाय. तिला सांगा, बुडाशी पोचा आहे तो मी पाडलेला नाही.

पण वहीत अशी ओळ हवी: गट एकतीसमधला पहिला केक सेप्टिमस ब्रॅड्नम यांनी केला. 'अप्रतिम, अगदी समतल' हे सगळं त्याच्या नावापुढे, परीक्षकबाईंच्या शब्दांत, आणि तो कागद तुम्ही स्वतः शेडमध्ये जाऊन त्याच्या हातात द्यायचा. माझ्याकडून नको, माझ्यावर तोही विश्वास ठेवत नाही. आणि त्याखाली, चूक कोणाची असं जिथे छापलंय तिथे — तुमच्या पेनात शाई आहे ना? पूर्ण नाव घाला, गावात दोन हिल्डा आहेत आणि दुसरीने बिचारीने कधी बिस्किटंसुद्धा मांडली नाहीत. लिहा, आणि मग उठा, मला कोंबड्या आत घ्यायच्यात. हिल्डा मे ब्रॅड्नम.