खंड्याचा कागद

...बसा की, डाक्टरसाहेब. पोलिसांनी पाठवलंय म्हणून काय उभ्याउभ्याच जायचं व्हय? खंड्या कुठं पळत न्हाय, गोठ्यात बांधलाय — साखळीनं. युवराजनं तक्रार दिली, त्याचं बी काय चुकलं न्हाय. त्याच्या आईला चावला — साखरबाईला, ह्या शेजारच्या. ताक न्यायला आली, अन् ह्यानं पोटरीच धरली. आज सहावा दिस.

कागद? हाय की. हा बघा, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठिवलाय. मला वाचता येत न्हाय, पण शिक्का वळखतो — तुमच्याच जनावरांच्या दवाखान्याचा. काय? चार वर्साचा जुना? व्हय, तवाच टोचलं. हे कुत्रं? हे दोन वर्साचं आसंल... आवो, तो आधीचा खंड्या. म्हातारा झाला, गेला. आमच्या घरात कुत्र्याचं नाव बदलत न्हाय — बापापासनं खंड्याच. एक गेला की दुसरा आणायचा, तेच नाव, तोच पट्टा. बापामागं कालव्याच्या पाण्याची पाळी माझ्या नावावर झालीच की — मग मला वाटलं, सुई बी तशीच चालत आसंल. हसा, हसा. मी बी हसलो आसतो.

साखरबाईला म्हणलं, वहिनी, भिऊ नका, सुईचा कागद हाय आपल्याकडं. पहिलं इंजेक्शन घेतलं तिनं, इंदापूरला जाऊन. दुसऱ्याला न्हाय गेली. म्हणली, तात्या, तुमच्या शब्दावर ऱ्हायले बघा — येश्टीत सगळा दिस मोडतो, भेंडी कोण तोडणार? मीच म्हणलो, तोडा भेंडी.

खातो का? खातो की. म्हंजी... परवापत्तुर खात हुता. आता पाणी पुढं ठिवलं की मागं सरतो. लाळ गळती. म्हणलं घशात हाडूक आडकलं आसंल, म्हणून तोंडात हात घालून बघितलं — हे बोट? काय न्हाय वो, दात लागलाय. हळद लावलीया.

माझा हात का धरताय? पिसाळलाय म्हणता खंड्या?...

व्हय. व्हय, धुतो. साबणानं, नळाखाली, तुमी म्हणताय तेवढा येळ धुतो. मी बी येतो इंदापूरच्या दवाखान्यात, का न्हाय येणार? पण तुमी हितं माझ्यापशी का थांबलाय? ती बघा, बांधापल्याड, भेंडीत वाकल्याली — गाडी हाय न्हवं तुमच्याकडं? आधी तिला घाला गाडीत. तिला सांगा, तात्याचा कागद खोटा हाय. आसंच सांगा, नायतर यायची न्हाय ती.

जावा. माझं बोट बघत बसू नका. जावा म्हणतो ना.