गोठ्यातली कॅसेट

कॅसेट संपली की टेपचं बटण टक्कन उडतं, तो आवाज मी तरुणपणी पहिल्यांदा ऐकला. वाजत होती एका पॉप बँडची शेवटची कॅसेट. त्यांची आधीची गाणी वरातीत वाजायची, ही मात्र कुणी घेतली नाही. मला हीच आवडली. धार काढताना अजून गोठ्यात लावतो.

परवा आमच्या गल्लीतल्या नव्या बंगल्यातले साहेब दूध न्यायला आले आणि दारातच थबकले.

"बाबा, हे मी गायलोय. ही कॅसेट पडली आणि आमचा बँड मोडला. कुणी ऐकलीच नाही."

"आमी रोज ऐकतो की. दुसरं लावलं तर म्हस पान्हाच सोडत न्हाई. हिच्या आयलाबी हीच लागायची."

साहेब हसले, बादली पालथी घालून ऐकत बसले. बटण उडालं तसे उठले आणि दुधाची किटली तिथंच विसरून निघून गेले.