आपत्ती जाहीर होईपर्यंत

...आणि मी म्हणते, पाणी काय सही बघून येतं का? तुम्हीच सांगा. नदी काय महापौरांच्या दारात थांबून विचारणार, येऊ का आत, झालं का तुमचं?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाई भलतीकडेच सुटली. आमचे हे महापालिकेच्या आपत्ती कक्षात. कक्ष म्हणजे काय, तर पाणीपट्टीच्या खिडकीमागची एक खोली, दोन फोन, भिंतीवर शहराचा नकाशा आणि गच्चीवर भोंगा. आता गंमत ऐका. आपत्ती आली तर काय करायचं ते सगळं ह्यांनी ठरवायचं, पण आपत्ती आलीय असं ह्यांनी म्हणायचं नाही. ते महापौरांनी म्हणायचं. म्हणजे स्वयंपाक आपण करायचा आणि पानं वाढली हे शेजारणीने सांगायचं, तोवर बसा सगळे उपाशी.

तयारीचं मात्र विचारू नका. दर महिन्याला रंगीत तालीम. भोंगा वाजला की नदीकाठच्या आळीतल्या लोकांनी वरच्या शाळेत जायचं, तिथे चहा-बिस्किटं, मग ह्यांचं भाषण, मग घरी. चहा गाळायला कोण? मी. लोक ह्यांना भोंगेवाले साहेब म्हणायला लागले. त्यात ह्यांच्या वरच्या साहेबांना हुक्की आली, "तालीम कशी खऱ्यासारखी झाली पाहिजे, लाउडस्पीकरवरच सांगा, ही रंगीत तालीम नाही." हे म्हणाले, "साहेब, मग खरं आलं की काय सांगायचं?" साहेब म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू." झालं... तेव्हापासून दर महिन्याला, ही रंगीत तालीम नाही, आणि आळीतली माणसं हसत हसत चहाच्या रांगेत.

आणि एक दिवस खरंच आलं की हो. सकाळी धरणावरून ह्यांना फोन, वर पाऊस फार झालाय, दरवाजे उघडतोय, दुपारपर्यंत पाणी तुमच्याकडे. हे तसेच महापौरांच्या दालनात. तिथे खल कसला चाललाय, तर शब्दाचा. महापौरबाई म्हणतात, "आपत्ती म्हटलं की लोक घाबरतात, जरा मऊ शब्द नाही का?" कोणी म्हणतं, "विशेष परिस्थिती?" पालिकेचे वकील म्हणतात, "परिस्थिती ही कायम विशेषच असते." हे आपले चष्मा पुसत उभे. शेवटी म्हणाले, "बाई, आधी आळी रिकामी करू या." बाई म्हणाल्या, "आधी जाहीर, मग रिकामी. मागे आपण जाहीर केलं आणि पाणी आलंच नाही, तेव्हा तोंडावर कोण पडलं? मी. तुम्ही नाही." आता त्यांचंही खोटं नव्हतं, पेपरवाल्यांनी महिनाभर सोलून काढलं होतं त्यांना.

हे बाहेर आले आणि जिन्यात थबकले. तुम्हाला सांगते, रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला उभा राहणारा माणूस हा. मागचे लोक शिव्या घालतात, हा हलत नाही. तो माणूस गच्चीवर गेला आणि कोणाला न विचारता भोंगा वाजवला.

आळी शिस्तीत आली. शाळेत बसली, चहा प्याली, आणि उठली. ह्यांनी कर्णा घेतला, "बसा, कोणी जाऊ नका, ही रंगीत तालीम नाही." कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "हो हो साहेब, आजची झकास झाली."

"अहो, खरंच पाणी येतंय."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"मागच्या वेळी ते खोटं होतं."

"बघा, म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

तर ह्यांनी शाळेच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. अख्खी आळी आत. जाहीर काही नाही, हुकूम नाही, आणि भल्या माणसांना कोंडून ठेवलंय. कोणी पोलिसांना फोन लावतंय, कोणी ह्यांची कॉलर धरतंय, आणि हे फाटकाला पाठ लावून गर्दीवर नजर फिरवतायत... आणि एकदम पांढरे पडले. "आई कुठाय?"

सासूबाई त्याच आळीत राहतात, अगदी शेवटच्या घरात. आमच्याकडे या म्हटलं की म्हणतात, तुमच्याकडे वारा नाही. हे जागचे हलले असते तर फाटक उघडलंच म्हणून समजा. मला फाटकाच्या फटीतून बाहेर काढत म्हणाले, "तू जा." एवढंच. पण तो आवाज मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता.

मी पोचले तर सासूबाई निवांत भाजी निवडतायत. म्हटलं, "आई, चला, पाणी येतंय." तर म्हणतात, "भोंगा त्याचाच ना? मग तालीमच. पोटचं पोर आहे, मला नको सांगू. आणि तुझा तो चहा पांचट असतो." मी म्हटलं, "आई, हात जोडते, ही रंगीत तालीम नाही." म्हणाल्या, "हे वाक्य त्याने पाठ केलं ना, तेव्हा मीच ऐकून घेतलंय." आणि तिकडे परसामागे नदीचा आवाज बदललेला, पोत्यातून धान्य ओतावं तसा... माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आई, हे शाळेत चक्कर येऊन पडलेत."

भाजी सांडली, चपला राहिल्या, गुडघेदुखीची बाई पुढे आणि मी मागे धापा टाकत.

शाळेशी आलो तर लेक उभा. कॉलर फाटलेली, पण उभा. सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अशी हजेरी घेतली म्हणता, "लोकांना कोंडतोस? हेच शिकवलं मी तुला?" आतली गर्दी खूश, "सांगा काकू, सांगा." हे मान खाली घालून म्हणाले, "आई, आधी आत ये." आम्हाला आत घेतलं, पुन्हा कुलूप.

आणि बाकावर चढलेला शिंपी बोलता बोलता गप्प झाला. आळीच्या वळणावरून तपकिरी पाणी आलं, आधी सपाट, हळू, कोणाचं तरी स्टूल घेऊन. मग बघता बघता घरांच्या खिडक्यांना लागलं. मग मागून कोणीतरी हळूच विचारलं, "साहेब, कुलूप नीट लागलंय ना?"

आणि तेव्हा, तेव्हा हं, पुलावरून महापौरांच्या गाडीचा कर्णा, नागरिकांनी सखल भाग सोडावा, ही रंगीत तालीम नाही.

घरं गेली चिखलात, पण माणूस एकही गेलं नाही. मग चौकशी. जाहीर होण्याआधी लोकांना कोंडलं कसं? नोकरीच जायची होती ह्यांची. शेवटी वकिलांनीच तोड काढली, जाहीर होईपर्यंत जे झालं ती तालीम, तालमीला कोणाची सही लागत नाही. महापौरबाईंनी भर सभेत ह्यांची पाठ थोपटली, इतकी खऱ्यासारखी तालीम आजवर झाली नाही म्हणे. हे घरी आले आणि कितीतरी वेळ नुसते बुटाच्या नाड्या सोडत बसले.

आता सासूबाई आमच्याकडेच असतात, वारा नसला तरी. पाणी जाहीर करायला शहराला अर्धा दिवस लागला, पण मी खोटं बोलले ते आमच्याकडे रोज सकाळी जाहीर होतं, दूधवाल्यापासून सगळ्यांसमोर, "लेक ठणठणीत असताना पडला म्हणाली, जीभ कशी रेटली हिची?" मी आपली ऐकून घेते. काय करणार... बोलायला आहेत, हेच काय कमी.