गाडीचा राखीव निकाल

पीयूसीचा कागद तुमच्यापैकी कुणी कधी वाचलाय? मीही नव्हता वाचला. सदाशिव पेठेत आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर देवधर सर राहतात, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. मी रोज सकाळी मोटारसायकल त्यांच्या खिडकीखाली गरम करायचो.

एकदा म्हणाले, "इनामदार, तुमच्या धुरानं माझे डोळे चुरचुरतात."

"शक्य नाही, सर. गाडीची पीयूसी आहे," म्हणून मी कागदच पुढे केला.

सरांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. "कार्बन मोनॉक्साइड पास, हायड्रोकार्बन पास. बाकीचे विषय?"

"बाकीचे तपासत नाहीत, सर."

"असं? ठेवून जा. संध्याकाळी न्या."

संध्याकाळी कागद परत मिळाला. खाली लाल शाईत लिहिलं होतं: फॉर्मल्डिहाइड, गैरहजर. अ‍ॅसिटाल्डिहाइड, गैरहजर. अमोनिया, गैरहजर. निकाल राखून ठेवला आहे. खाली सही.

नेमकं दुसऱ्याच दिवशी चौकात हवालदारानं अडवलं. तोच कागद द्यावा लागला.

"हे लाल काय आहे?"

"आमच्या सरांनी तपासलंय. हे वायू धुरात असतात, पण चाचणीत नसतात. म्हणून गैरहजर." आता दंड होणार, हे मी धरूनच चाललो होतो.

हवालदारानं मास्क खाली केला, रुमालानं डोळे पुसले, यादी सावकाश वाचली आणि कागद माझ्या हातात परत ठेवला.

"सरांना सांगा, काळजी करू नका," तो म्हणाला. "इथे तिघंही रोज हजर असतात."