दूध पाजण्याची वही

दवाखान्यात बाळांच्या वजनाच्या रांगेत माझ्या शेजारी एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला तपासणाऱ्या सिस्टर त्यांना तिथेच भेटल्या.

“तुम्ही दिलेली वही आणलीय, सिस्टर. सुनेनं एकसुद्धा वेळ चुकवलेली नाही.”

“बघू. दोन, चार, सहा, आठ… रात्रीचंही सगळं तीच बघते?”

“मग! कुणाला हात लावू देईल तर शपथ.”

“आणि झोपते कधी?”

“झोपच येत नाही म्हणते. बाळ झोपलं तरी त्याचा श्वास बघत बसते.”

“किती दिवस झाले?”

“आठ-नऊ झाले असतील. पहिलटकरीण आहे, होईल सवय.”

“मी दोनदा येऊन गेले. मला बोलला नाहीत ते?”

“तुम्ही बाळाचं विचारलंत, आम्ही बाळाचं सांगितलं.”

“…हो. मी बाळाचंच विचारलं.”

“आज मात्र स्वतःहून म्हणाली, आई, तुम्हीच न्या, मी झोपते. म्हटलं, सुटले बाई एकदाची.”

“आजी, हे शेवटच्या पानावरचं वाचलंत?”

“चष्म्याशिवाय कुठलं दिसायला! काय लिहिलंय?”

“‘आई, रडला तर त्याला उभा धरा. दुधाच्या पावडरचा डबा वरच्या फळीवर आहे.’”

“बघा, किती काळजी!”

“घरी आत्ता कोण आहे?”

“एकटीच आहे. अहो, उठलात कुठे? पुढचा नंबर आपलाच आहे!”

“नंबर जाऊ दे, आजी. घराची किल्ली आहे ना जवळ? चला.”